रिचार्ज मारू की राहू दे?

मागच्या अंकात मी बोलता बोलता एक वाक्य लिहून गेले होते, की जो सगळ्यात कमी बोलतो त्यालाच मोबाइल सगळ्यात महाग पडतो. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी फ्रीज, मिक्सर, गॅस गिझरवाले प्रश्न बाजूला ठेवलेत आणि फक्त हेच घेतलंय. पत्रं जागेसाठी थोडी कापलीयेत, भाषा ज्याची त्याची तशीच ठेवलीय. आणि एक आधीच सांगून ठेवते, खाली जे प्लॅनचे आकडे आहेत ते कंपन्या कधीही बदलतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी ॲपमध्ये नाहीतर दुकानात एकदा खात्री करा, मग मला शिव्या देऊ नका.

ताई, माझ्या आईचं वय ७४. बटणाचा फोन आहे, नेट नाही आणि तिला नको पण आहे. रोज संध्याकाळी बहिणीचा फोन येतो, आठवड्यातून दोनदा ती मला लावते, बाकी दूधवाला आणि डॉक्टर. एवढ्यासाठी दर २८ दिवसांनी १९९ रुपये मारतोय. त्यात २ जीबी डेटा येतो तो कुणाला वाढू? पूर्वी १० रुपयांचं कूपन खरवडलं की दोन महिने निघायचे. बोलू तेवढेच पैसे, असा प्लॅन आता मिळतच नाही काय? (इचलकरंजी)

मिळत नाही. म्हणजे नावाला टॉपअप मिळतो, त्याचं पुढे सांगते, पण नुसता टॉपअप टाकून फोन चालू राहील असे दिवस गेले.

हे असं का झालं ते थोडं सांगते, कारण ते कळलं की प्लॅन निवडणं सोपं जातं. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. मग २००५ च्या अखेरीस लाइफटाइमची टूम निघाली, एकदा ९९९ भरा आणि जन्मभर इनकमिंग घ्या. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा सुरू केलं आणि सगळ्यांना तिच्या मागे जावं लागलं. तेव्हा तुमच्या आईसारखी माणसं खरंच १० रुपयांत दोन महिने काढायची आणि कंपनीला त्यांच्याकडून काहीच सुटायचं नाही. २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी मेख मारली, दर २८ दिवसांना निदान ३५ रुपये टाका नाहीतर आधी आउटगोइंग बंद आणि मग इनकमिंगही बंद. त्या ३५ चे ४९, ७९, ९९, १५५ होत होत जुलै २०२४ च्या दरवाढीत एअरटेलचा महिन्याचा साधा पॅक १९९ वर आला. आता आई बोलो न बोलो, तुम्ही पैसे भरताय ते दिवसांचे. म्हणून प्लॅन बघताना किती जीबी, किती मिनिटं हे सगळं सोडा आणि रुपयांना दिवसांनी भागा. १९९ भागिले २८ म्हणजे दिवसाला सात रुपये दहा पैसे. वर्षात असे तेरा रिचार्ज होतात, २५८७ रुपये.

आता तुमच्या कामाची गोष्ट. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवायलाच पाहिजे, आणि असल्या पॅकची मुदत ९० दिवसांऐवजी ३६५ दिवसांपर्यंत चालेल. त्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ ला आणि वर्षाचा १८४९ ला, जिओचा ८४ दिवसांचा ४४८ ला आणि ३३६ दिवसांचा १७४८ ला. कॉल कितीही करा, डेटा शून्य. वर्षाच्या १८४९ ला दिवसाचे पाच रुपये सात पैसे पडतात, म्हणजे तुमचे वर्षाला ७३८ रुपये वाचले. हे पॅक ॲपमध्ये अगदी खाली, कुठेतरी कोपऱ्यात असतात, आणि दुकानात गेलात तर दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. त्याला स्पष्ट सांगायचं, नेट नसलेला, फक्त कॉलचा मार.

त्याहून स्वस्त बीएसएनएल. त्यांचा ११९८ चा ३६५ दिवसांचा प्लॅन आहे, महिन्याला ३०० मिनिटं, ३ जीबी आणि ३० एसएमएस. जुन्या "बोलू तेवढे" च्या सगळ्यात जवळ जाणारं आता हेच उरलंय असं मला वाटतं, दिवसाला सव्वातीन रुपये. तुमच्या आईची ३०० मिनिटं संपणार नाहीत, बहिणीचा तर इनकमिंग आहे. पण! रेंज. टॉवर गावात आहे का हे विचारू नका, आई जिथे बसते तिथे रेंज येते का ते बघा. कुणा ओळखीच्याचं बीएसएनएल सिम अर्धा दिवस मागून घ्या, आईच्याच फोनमध्ये घाला आणि स्वयंपाकघरातून, माजघरातून, न्हाणीपाशी उभं राहून फोन लावून बघा. आमच्या सासूबाईंचा फोन देवघराशेजारी खिळ्याला कापडी पिशवीत टांगलेला असतो आणि त्या तिथून हलवू देत नाहीत, त्यामुळे आमच्या घरात कुठल्या कंपनीचं सिम घ्यायचं हे तो खिळा ठरवतो.

जिओचं सिम त्या जुन्या बटणाच्या फोनला चालणार नाही, त्यांचं २जी नाहीच. जिओभारत नावाचा त्यांचा बटणाचा ४जी फोन आहे, त्यावर २८ दिवसांना १२३ चा पॅक मिळतो, हिशोबाने तोही बरा आहे, पण मी चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचा फोन चार पैसे वाचवायला बदलणार नाही. तिच्या अंगठ्याला हिरवं बटण कुठे आहे ते पाठ झालेलं असतं, ते मोडायला नको. वर्षाचं एकदम भरायचं जिवावर येत असेल तर ८४ दिवसांचं मारा आणि कॅलेंडरवर पुढची तारीख पेन्सिलीने गोल करून ठेवा. ती तारीख चुकली तरी ११२ ला फोन लागतो, हे मात्र आईला सांगून ठेवा.

व्हॉट्सॲपवर फिरतंय की ट्रायचा नवीन नियम आलाय, सिममध्ये २० रुपये ठेवले की रिचार्ज न करता नंबर चालू राहतो. माझं दुसरं सिम फक्त बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलंय. तर मी २० रुपये टाकून निवांत बसू का? (नाशिक)

निवांत बसू नका. पहिली गोष्ट, नियम नवीन नाही, २०१३ चा आहे, दर थोड्या दिवसांनी कुणीतरी त्याला नवे कपडे घालून फिरवतं. नियम असा की प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, पण बॅलन्स २० रुपये किंवा जास्त असेल तर बंद न करता त्यातून २० कापून ३० दिवस वाढवायचे, आणि बॅलन्स असेपर्यंत असंच पुढे. त्यानंतरही १५ दिवस सवलतीचे मिळतात. इथपर्यंत मेसेज खरा आहे.

पण नंबर तुमच्या नावावर राहणं वेगळं आणि त्यावर मेसेज येणं वेगळं. घर तुमच्या नावावर आहे पण लाईट कापलीय, तसं. पॅकची मुदत संपली की आउटगोइंग लगेच जातं, थोड्या दिवसांनी इनकमिंग जातं आणि ओटीपीची खात्री तर मी एक दिवसही देणार नाही.

माझीच फजिती सांगते. माझं एक जुनं सिम होतं, लग्नाआधीचं, ते एका जुन्या खात्याला जोडलेलं. ते एका औषधाच्या रिकाम्या डबीत, जुन्या कुलपांच्या किल्ल्यांबरोबर पडलेलं असायचं आणि वर्षातून एकदा आठवण झाली की फोनमध्ये घालून रिचार्ज मारायचे. एका वर्षी आठवण झाली नाही. मग मुदत ठेव मोडायची वेळ आली, ओटीपी येईना, रिचार्ज मारायला गेले तर होईना, शेवटी दुसऱ्या फोनवरून त्याच नंबरला लावला तर कुणीतरी उचलला. परभणीकडचा एक मुलगा. मी सांगितलं हा माझा नंबर होता, तर तो म्हणाला, "काकू तुम्हीच का, तुमच्या बँकेचे लई मेसेज येत्यात मला, मी डिलीट करतो." मुलगा भला निघाला म्हणून बरं. नंबर बदलून घ्यायला शाखेत तीन खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला वेगळा कागद.

हे काही माझ्या एकटीचं नाही. बंद झालेला नंबर ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच म्हटलं की जुन्या नंबरवरचा आपला डेटा काढून घेणं ही आधीच्या मालकाची जबाबदारी आहे. एप्रिल २०२५ पासून बँकांना आणि यूपीआय ॲपना असे सोडलेले नंबर आपल्या यादीतून काढत राहायचं बंधन आलंय, म्हणजे दुसऱ्याच्या हाती काही लागायची भीती कमी झाली, पण तुमचा ओटीपी काही परत येत नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर ओटीपीपुरत्या दुसऱ्या सिमचा सगळ्यात स्वस्त प्लॅन म्हणजे ते सिमच नसणं. एक दुपार काढा, कागद घ्या, हा नंबर कुठे कुठे दिलाय ते लिहा. बँक, आधार, गॅस, पीएफ, डीमॅट, विमा, सोसायटीचं ॲप, आणि ते रेल्वेचं तिकिटाचं खातं, ते हमखास विसरतं. एकेक करून सगळं मुख्य नंबरवर आणा आणि मग त्या सिमला निरोप द्या. हे होईपर्यंत मात्र पॅक चालू ठेवा, कारण नंबर बदलायलाही बऱ्याच ठिकाणी आधी जुन्या नंबरवरच ओटीपी जातो. इथेच लोक अडकतात. शिवाय तुमच्या नावावर एकूण किती सिम आहेत तेही सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघा, एका माणसाला नऊपर्यंत ठेवता येतात, आणि कधी कधी त्यात आपण न घेतलेलं एखादं निघतं.

आमच्या विहिरीवरच्या मोटरीला मोबाइल स्टार्टर बसवलाय. रात्रीची लाईट असली की घरून फोन लावायचा, बटण दाबलं की मोटर चालू. त्या डब्यातल्या सिमला ना बोलायचं ना नेट बघायचं, तरी माझ्या फोनएवढाच रिचार्ज? आणि पावसाळ्यात चार महिने मोटर बंदच आस्ती. (बार्शी तालुका)

हे पत्र वाचून मला फार आनंद झाला कारण याच्याइतकं कमी बोलणारं गिऱ्हाईक महाराष्ट्रात दुसरं नसेल.

स्टार्टरला इनकमिंग पाहिजे आणि इनकमिंगला मुदत पाहिजे, त्यातून सुटका नाही. पण तुम्हाला वर्षाचा पॅक नको. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने धरले तर ८४ दिवसांचा फक्त कॉलचा पॅक तीनदा मारायचा, २५२ दिवस भरतात, एअरटेलला तीन वेळचे १४०७ रुपये होतात. वर्षाच्या १८४९ पेक्षा ४४२ कमी. बीएसएनएलची रेंज विहिरीवर असेल तर ११९८ मध्ये अख्खं वर्ष निघतं आणि पावसाळ्याचा विचारच करायला नको. दोन्हीतलं काय, ते विहिरीवर उभं राहून ठरवा. जिओचं सिम घेण्याआधी डब्यावर बघा, बरेचसे स्टार्टर २जीवालेच आहेत, त्यात ते चालणार नाही.

पावसाळ्यात तीन-चार महिने पॅक न मारता सोडून दिलं तर? इथे वर नाशिककरांना सांगितलेला तो २०१३ चा नियम खरा उपयोगी पडतो. जूनमध्ये मोटर बंद करताना सिममध्ये २० च्या वर बॅलन्स ठेवा, ९० दिवस अधिक ३० दिवस, गणित बसतं. तरी सिम गेलंच तर काय बिघडलं सांगा? हा नंबर ना बँकेत आहे ना आधारला. नवं सिम आणायचं, स्टार्टरमध्ये तुमचा नंबर पुन्हा रजिस्टर करायचा आणि घरात सगळ्यांच्या फोनमध्ये "मोटर" नावाखाली नवा नंबर टाकायचा. बँकेच्या नंबरला जो धोका मी अजिबात पत्करणार नाही तो मोटरीच्या नंबरला खुशाल पत्करा. फक्त एक करा, दिवाळीच्या तोंडावर पहिलं पाणी द्यायच्या आधी दिवसाउजेडी एकदा फोन लावून बघा. रात्री दोनला कळायला नको.

१०० चा टॉपअप मारला, ८१ रुपये ७५ पैसेच आले. दुकानदाराने मारले का बाकीचे? (पनवेल)

नाही हो, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. १०० मध्ये १८ टक्के जीएसटी आत धरलेला असतो, तो काढला की ८४.७५ उरतात, आणि त्यातून कंपनी प्रोसेसिंगचे ३ रुपये घेते. उरले ८१.७५. हे प्रोसेसिंग किंमतीच्या १० टक्के किंवा ३ रुपये, यातलं जे कमी असेल ते, असा नियम आहे. म्हणून १० च्या टॉपअपला ७ रुपये ४७ पैसे येतात.

आता यात एक गंमत बघा जी मला स्वतःलाही हिशोब मांडल्यावर कळली. नंबर टिकवायला बॅलन्स २० पाहिजे ना? पण २० चा टॉपअप मारला तर येतात १४.९५. म्हणजे २० मारून २० होत नाहीत. १० चे तीन मारा, २२.४१ होतात. बार्शीकर, हे तुमच्यासाठी पण.

महिना ३० दिवसांचा, पॅक २८ चा. ही लूट नाही का? (ठाणे)

आहे ना. दोन-दोन दिवस चोरून वर्षाला तेरावा महिना काढतात, आपल्याकडे अधिक महिना तरी तीन वर्षांनी एकदा येतो. २०२२ मध्ये ट्रायने सांगितलं की प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवलाच पाहिजे, तेव्हा तसे पॅक आहेत, मागा. पण क्वचित वापरणाऱ्याने महिन्याच्या पॅककडे बघूच नये, मग तो २८ चा असो की ३० चा.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. आईबाबा पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी येतायत. त्यांना इथलं कुठलं सिम घेऊ? कॉन्ट्रॅक्ट नको, बाहेर फिरायला गेले तर फोन असावा एवढंच. आणि त्यांचे भारतातले नंबर चालू ठेवायचे का? पेन्शनचं खातं त्यावरच आहे.

तुम्ही नशीबवान, इचलकरंजीकरांना जे मिळत नाही ते तुमच्याकडे अजून आहे. तिथे खरोखरचं पे ॲज यू गो मिळतं, म्हणजे क्रेडिट टाकायचं आणि वापरलं तेवढं जायचं, दिवसांची टांगती तलवार नाही. उदाहरणार्थ गिफगॅफ, ते तिथल्या ओटू कंपनीच्या नेटवर्कवर चालतं, सिम पोस्टाने फुकट येतं, आणि सहा महिन्यांत एकदा जरी वापरलं तरी नंबर जिवंत राहतो. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिनेच राहता येतं, त्यामुळे त्यांच्या एका फेरीला ते पुरतं. घरात वायफाय असणारच, मावशी-काकांशी गप्पा व्हॉट्सॲपवर होतील, क्रेडिट उडवायचं ते फक्त "आम्ही चुकीच्या बसमध्ये बसलोय" एवढं कळवायला. मात्र त्या सिमवरून भारतात साधा फोन लावू देऊ नका, क्रेडिट पाण्यासारखं जाईल. बाबांना नकाशा बघत फिरायची हौस असेल तर मग क्रेडिटवर डेटा महाग पडतो, त्यापेक्षा महिन्याचं छोटं बंडल घ्या, कॉन्ट्रॅक्टशिवाय मिळतं.

भारतातले नंबर? चालूच ठेवायचे, पेन्शनचं खातं आहे म्हटल्यावर विचारायलाच नको. निघायच्या आधी दोघांच्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, तिथे पोचल्यावर डेटा रोमिंग मात्र बंद. रोमिंगमध्ये एसएमएस यायला पैसे लागत नाहीत, फोन उचलला तर मात्र चांगलेच लागतात, म्हणून अनोळखी नंबर उचलायचा नाही हे बाबांना बजावा, ते उचलणार. फोन दोन सिमचा असेल तर एकात इथलं, एकात तिथलं. आणि मुदत विमानात बसायच्या आधी तपासा, मधेच संपली तर इथे कुणालाही नंबर सांगून रिचार्ज मारता येतो, पण संपलीय हे आधी लक्षात यायला पाहिजे. तुम्ही यूपीआयचं काही विचारलं नाहीत तरी सांगते, परदेशी नंबरावर यूपीआय जोडायची सोय २०२३ पासून यूकेसह काही देशांसाठी आली खरी, पण ती एनआरई आणि एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांच्या इथल्या बँक खात्यांसाठी आहे. तुम्हाला चालेल, आईबाबांच्या साध्या खात्याला नाही.

बीएसएनएलमध्ये जायचंय पण माझा आत्ताचा रिचार्ज संपलाय. पोर्टचा मेसेज जात नाही म्हणतात, आधी रिचार्ज मार मग पोर्ट कर. सोडून जायचं तर पैसे कशाला भरू? (लातूर)

भरू नका. डिसेंबर २०२१ मध्येच ट्रायने कंपन्यांना बजावलंय की कुठलाही पॅक असो, पोर्टसाठी १९०० ला एसएमएस जाऊ द्यायलाच हवा. इंग्रजीत पोर्ट लिहायचं, मोकळी जागा सोडून दहा आकडी नंबर, आणि १९०० ला पाठवायचं. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो, तेवढ्यात नव्या दुकानात आधार घेऊन जा. नाहीच गेला मेसेज तर १९८ ला तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, क्रमांक मागितला की समोरच्याचा आवाज बदलतो. पण फार दिवस काढू नका, नंबर पूर्ण बंद झाला की मग पोर्टही होत नाही. आणि आत्ताच्या कंपनीत ९० दिवस झालेले असले पाहिजेत. जुन्या सिममधला उरलेला बॅलन्स बरोबर येत नाही, तो आधी बोलून संपवा, मला लावलात तरी चालेल.

फोन कपाटात असतो तरी बॅलन्स कमी होतो. (सावंतवाडी)

काहीतरी चिकटलंय, कॉलर ट्यून, भविष्य, क्रिकेटचा स्कोअर असलं काही. कधीतरी चुकून बटण दाबलं गेलं असणार. १५५२२३ हा नंबर लावा किंवा त्यावर इंग्रजीत स्टॉप असा मेसेज टाका, काय चालू आहे ते कळतं आणि बंद करता येतं. चोवीस तासांच्या आत तक्रार केलीत तर कापलेले पैसे परत मागा, आणि मागाच, दोन रुपये का असेनात.

आजोबांच्या सिमवर अनलिमिटेड कॉल आहेत. शंभरदा सांगितलं तरी ते मिस कॉलच देतात. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे एसटी चुकली. काय करू? (सातारा, इयत्ता आठवी)

काही करू नकोस. आणि आजोबांना ३०० मिनिटांचा प्लॅन पण भरपूर होईल असं बाबांना सांग. फक्त दोन रिंगा आल्या की लगेच उलटा फोन लाव, पुढची एसटी किती वाजता आहे ते त्यांना स्टँडवर कुणी धड सांगत नसेल.